नगरभवनाच्या पायऱ्या

खानापूरजवळच्या भावकूनं एक गोष्ट बायकोला चाळीस वर्षं सांगितली होती. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शिपायाच्या नोकरीचा अर्ज द्यायला तो बेळगावच्या जुन्या नगरभवनात गेला. साहेबानं त्याला खुर्ची दिली, चहा पाजला, पार दारापर्यंत सोडायला आला. नोकरी तेवढी दुसऱ्या कुणाला लागली.

खरं एवढंच होतं, की भावकू पायऱ्या चढून दारापर्यंत गेला, आतली आरशासारखी फरशी पाहिली, चिखलानं भरलेले आपले पाय पाहिले, आणि आल्या पावली परतला. पुढं जन्मभर भाताची शेती केली. चांगली केली.

यंदा त्या इमारतीची डागडुजी झाली आणि एका रविवारी ती लोकांना बघायला खुली ठेवली. मुलगा नागेंद्र बेळगावातच, खासबागेत राहायचा. तोच दोघांना गाडीनं घेऊन आला.

दगडी खांबांकडं मान वर करून बघत गुणाबाई म्हणाली, "तुमी फुडं व्हा. आतलं सगळं तुमास्नी ठावं हाय."

"व्हय, व्हय," म्हणत भावकू पुढं झाला.

आत शिरताच तो मोठ्या ऐटीत डावीकडं वळला आणि एक दार ढकललं. आत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्यांचा ढीग.

"आप्पा, सभागृह वर हाय," नागेंद्र हसू दाबत म्हणाला.

"इतक्या वर्सांत सायबाचं हापिस हालवलं असंल रं," गुणाबाई लगेच म्हणाली. "सरकारी काम ते."

सागवानी जिना चढून तिघं वर आले. उंच छत, रंगीत काचांच्या खिडक्या, ओळीनं मांडलेली बाकं. नागेंद्र फोटो काढायला पुढं गेला. ही दोघं मागच्या बाकावर टेकली. भावकूला काही केल्या चैन पडेना.

"गुणा, मी त्या दिवशी आत आलोच न्हवतो."

"ठावं हाय मला."

"आँ? ते कसं?"

"दुसऱ्या दिवशी तुमचा सदरा धुवायला घेतला, तर खिशात अर्ज तसाच. चौथीपर्यंत शिकलेली बाई हाय मी. वाचला की."

"मग इतकी वर्सं बोलली न्हाईस ती?"

"बोलून काय करायचं हुतं? तुमी सकाळी उठून रोपं लावायला गेलतासा. राग न्हाय, रडणं न्हाय." तिनं पदर सारखा केला. "आनि ती गोष्ट सांगताना तुमी लई छान दिसायचासा."

भावकूनं नकळत आपला खिसा चाचपला. मग त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे पुसावे लागले. गुणाबाई तोवर उठलीसुद्धा होती.

"चला, त्या वरच्या सज्ज्यात जाऊया."

सज्ज्याचा जिना अरुंद, पायऱ्या उंच. तिचे गुडघे कुरकुरायला लागले, तसा भावकूनं हात पुढं केला. चारचौघांत तिनं तो कधी धरला नसता; आज धरला, आणि वर पोचल्यावरही सोडला नाही. माहिती सांगायला ठेवलेली एक मुलगी तिथं उभी होती. छताचं लाकूड कुठलं, काचा कुणी बसवल्या, इथं बसायचं कोण, असं दोघं तिला आळीपाळीनं विचारत राहिली. नागेंद्र शोधत वर आला, तेव्हा त्या मुलीनं त्यांना बसायला स्टुलं आणून दिली होती आणि भावकूचे प्रश्न अजून संपले नव्हते.