पाच वर्षांची अट

कराराच्या मसुद्यातलं वाक्य खोडायला उचललेली पेन्सिल ताईंनी तशीच हवेत धरून ठेवली. आईच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आत कुणीतरी परक्या भाषेत बोलत होतं.

आधी त्यांना वाटलं, रेडिओ असेल. मग तेच वाक्य पुन्हा आलं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आणि त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या, तरुण आवाजात. पहिला आवाज आईचा होता. परदेशाशी करार करायचा म्हणजे काय काय करावं लागतं, हे कालच जेवताना ताईंनी जिला अर्धा तास समजावून सांगितलं होतं ती ऐंशी वर्षांची आई, नेमकी त्याच देशाची भाषा घडाघडा बोलत होती.

ताईंना त्या भाषेतली तीन वाक्यं येत. आपलं स्वागत असो, आपले आभार, आणि आपली मैत्री चिरकाल टिको. शिष्टमंडळ येणार म्हणून तिन्ही त्यांनी आरशासमोर उभं राहून पाठ केली होती. आत चाललं होतं ते या तिन्हींपैकी काही नव्हतं.

त्यांनी दार ढकललं. आई खुर्चीत बसली होती, वॉकर बाजूला. समोर जमिनीवर गुडघे टेकून सिस्टर बसली होती. आईची टाच तळहातावर पेलून ती पाय हळूहळू वर उचलत होती आणि उचलता उचलता वाक्य म्हणत होती.

“शेवट वर नेऊ नकोस गं,” आई म्हणाली. “वर नेलास की हुकूम सोडल्यासारखं वाटतं. खाली आण. हं. आता कसं माणसाशी बोलल्यासारखं झालं.”

“काय चाललंय?” ताईंनी विचारलं.

सिस्टर उठून उभी राहिली. आई मात्र जागची हलली नाही. “व्यायाम,” ती म्हणाली.

सिस्टर सरकारी रुग्णालयात होती आणि दोन घरं सोडून भाड्याच्या खोलीत राहायची. चार महिन्यांपूर्वी आई मोरीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी आणल्यापासून ड्यूटी संपवून परतताना ही मुलगी रोज अर्धा तास यायची आणि आईला चालवायची. कुणी सांगितलं नव्हतं. सभागृहाच्या कामासाठी ताई आठवड्यातले चार-पाच दिवस राजधानीत असत. घरात दिवसभराच्या कामाला एक बाई होती, पण आई पायावर उभी राहिली ती सिस्टरमुळे, हे ताई सगळ्यांना सांगत असत.

सिस्टर घाईघाईने पर्स उचलून निघून गेली. ताई पलंगाच्या कडेवर टेकल्या.

“ही भाषा तुला कुठून येते?”

“टेलिफोन एक्स्चेंजमधून. परदेशी कॉलच्या बोर्डावर बारा वर्षं बसले मी. पलीकडे एक बाई असायची. लाईन खराब असली की तासन् तास आम्ही दोघीच. तिने तिची भाषा शिकवली, मी आपली.”

“नाव काय तिचं?”

“नावं सांगायची परवानगी नव्हती. ती मला चौदा नंबर म्हणायची, मी तिला सहा.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तुला सगळ्या जगाची खबर असते, ठमे. मला वाटलं, ही पण असेल.”

सारा मतदारसंघ ज्यांना ताई म्हणे, त्यांना ठमी म्हणणारं आता हे एकच माणूस उरलं होतं. ताई हसल्या, पण हसू पुरतं उमटलं नाही.

“आणि सिस्टरला कशाला शिकवतेस?”

आईने ताईंच्या हातातल्या पेन्सिलीकडे बघितलं. “परीक्षा आहे तिची. लेखी झाली, पास झाली. बोलायची राहिलीय. तुझ्या त्या करारातून जायचंय तिला.”

करार मोठा होता. बंदरं, जहाजं, संकटात एकमेकांच्या मदतीला धावून जायचं, असं बरंच काही त्यात होतं. पण मतदारसंघात त्यातलं एकच पान माहीत होतं. त्या देशात म्हातारी माणसं फार आणि शुश्रूषा करणारे हात थोडे. त्यांना इथल्या परिचारिका हव्या होत्या. उपसमितीवर असलेल्या ताईंनी या पानावर स्वतः एक कलम घातलं होतं. सरकारी कॉलेजात शिकलेल्या परिचारिकेने पाच वर्षं आपल्या जिल्ह्यात काम केल्याशिवाय तिला जाता येणार नाही. कलम एकोणीस. रुग्णालयात नर्सच्या अकरा जागा होत्या आणि प्रत्यक्षात सहा जणी. कलमाची बातमी आली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी भर रस्त्यात ताईंचे दोन्ही हात हातात घेतले होते. मसुद्यातल्या शेवटच्या दुरुस्त्या सोमवारी द्यायच्या होत्या.

सिस्टरची दोन वर्षं झाली होती.

“तुला ते कलम पटत नाही का?” ताईंनी विचारलं.

“मी काही म्हटलं?”

“म्हणत नाहीस म्हणूनच विचारतेय.”

“कलम बरोबर आहे तुझं. मी त्या रुग्णालयात पडून होते, मला विचार. सकाळी हाक मारावी तर दुपारी कुणीतरी यायचं. त्यांचा दोष नाही. धावणार तरी किती?”

“मग?”

“मग काय? तिने शिकवा म्हटलं, मी शिकवतेय.”

“आणि ती गेली तर तुला कोण चालवणार?”

आईने गुडघ्यावरून हात फिरवला. “ते मी मनात आणलं नाही. ते आणलं असतं, तर मला तिला शिकवता आलं नसतं.”

रविवारी दुपारी ताई रुग्णालयात गेल्या. एरवी त्या जात तेव्हा चार माणसं पुढे, चार मागे असत. आज एकट्याच गेल्या. बाळंतिणींच्या वॉर्डापाशी रुग्णवाहिका मागचं दार उघडून उभी होती. व्हरांड्यातल्या बाकावर एक म्हातारी बसली होती आणि सिस्टर तिच्या छातीशी एक बाळ बांधत होती. दिवस भरायच्या आत जन्मलेलं, मुठीएवढ्या तोंडाचं. उघड्या छातीवर बाळ, त्यावर मऊ सुती कापड, त्यावर शाल, आणि सगळ्यावरून पाठीमागे नेऊन बांधलेली गाठ.

“आजी, वाटेत काढायचं नाही. गाडी थांबली तरी नाही. तुमची ऊब हेच त्याचं औषध. आणि अधूनमधून बोलत राहा त्याच्याशी.”

“काय बोलू?”

“काहीही. घरातलं सांगा.”

म्हातारी गाडीत चढली. शहरातलं मोठं रुग्णालय तीन तासांवर होतं. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत सिस्टर बघत उभी राहिली.

“पोचेल?” ताईंनी विचारलं.

“बरेच पोचतात.” ती वळली. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. “तिकडे आपल्याएवढ्या गावातसुद्धा अशा बाळांचा वॉर्ड असतो. कुठे पाठवावं लागत नाही. मला ते काम शिकायचंय.”

“शिकून परत येशील?”

तिने बाकावर राहिलेली सुती कापडाची घडी उचलली, पुन्हा घातली.

“आत्ता विचाराल तर हो म्हणेन. पण तिकडे गेल्यावर मला काय वाटेल, ते आज कसं सांगू? तुमच्याशी खोटं नाही बोलायचं मला.”

“रोज घरी येतेस. एका शब्दाने बोलली नाहीस.”

“घरी मी आजींसाठी येते, ताई. कामासाठी यायचं असतं तर शनिवारी, तुम्ही लोकांना भेटता तेव्हा, सगळ्यांबरोबर रांगेत बसले असते.” ती जराशी थांबली. “आणि तुमची अट काही चुकीची नाही. परवा रात्री मी एकटी होते. तीस खाटांना.”

आतून कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली आणि ती गेली. ताई व्हरांड्यात उभ्या राहिल्या. येताना त्यांना वाटलं होतं की ही मुलगी रडेल, विनवेल, निदान रागावेल. त्यातल्या प्रत्येकाला त्यांच्याकडे उत्तर तयार होतं.

सोमवारी उपसमितीत त्यांनी कलम एकोणीस मागे घेतलं. त्याऐवजी दोन गोष्टी मागितल्या. जाणारीची इथली जागा तीन वर्षं तिच्या नावावर राहावी, म्हणजे परतायला दार उघडं असेल. आणि इथून दहा परिचारिका गेल्या की तिकडून एक अनुभवी परिचारिका वर्षभर जिल्ह्याच्या रुग्णालयात शिकवायला यावी.

“पाच वर्षांची अट तुमचीच होती ना?” सर्वांत जुन्या सभासदाने चष्म्यावरून बघत विचारलं.

“माझीच.”

“आठवड्यात काय बदललं?”

“काही नाही,” ताई म्हणाल्या. “तेव्हा मी फक्त खाटा मोजल्या होत्या.”

त्या देशाच्या शिष्टमंडळाने दहाचे पंचवीस केले. ताई दोन दिवस भांडल्या आणि गोष्ट वीसवर येऊन थांबली.

पुढच्या शनिवारी मोठे डॉक्टर आले. रांगेतल्या लोकांनी त्यांना पुढे जाऊ दिलं. ते बसले नाहीत.

“वीस जणी जाणार, मग एक बाई येणार, मग ती शिकवणार,” ते म्हणाले. “माझ्या वॉर्डात आज रात्री कोण असेल, ताई?”

“उत्तर नाही माझ्याकडे.”

डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. “निदान आश्वासन तरी दिलं नाहीत.” मग हलक्या आवाजात म्हणाले, “पहिला अर्ज तिचाच येणार. तिच्यासाठी केलंत असं लोक बोलतील.”

“बोलतील.”

बोलणं खोटं आहे, असं ताईंना ठामपणे म्हणता येईना. डॉक्टरांना त्यांनी खुर्ची पुढे केली. रिकाम्या जागांचा कागद मागून घेतला. ओळीने वाचला आणि कोणत्या खात्यात कुणाला गाठायचं ते समासात लिहीत गेल्या. बऱ्याच वेळाने डॉक्टर खुर्चीत बसले.

करारावर सह्या झाल्या, सिस्टर पास झाली. आईने तो निकाल स्वतःचाच लागल्यासारखा आल्यागेल्याला सांगितला. जायची तारीख ठरली आणि तिच्या आदल्या सोमवारी सिस्टर सकाळी आली तेव्हा ताई घरातच होत्या.

“आज सभागृह नाही?”

“आहे. दुपारी निघेन. मला दाखव, हिला कसं चालवायचं.”

सिस्टरने आईच्या कमरेला रुंद पट्टा बांधला आणि ताईंचा हात धरून पाठीमागे त्या पट्ट्यावर ठेवला. वॉकर आज तिने मुद्दामच कोपऱ्यात ठेवला होता.

“दंडाला धरू नका, ताई. इथे धरा. आणि ओढायचं नाही. चालणार त्या. आपण नुसतं बरोबर राहायचं.”

“हळू,” आई म्हणाली. “मी काही ठराव नाही, रेटून मंजूर करून घ्यायला.”

तिघी खोलीतून बाहेर आल्या. एका बाजूला सिस्टर, दुसऱ्या बाजूला ताई, मध्ये आई, तोंडाने पावलं मोजत. दिवाणखाना ओलांडला. आईच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता आणि पट्ट्याखाली तिची पाठ ताईंना वाटली होती त्याहून कितीतरी बारीक होती. इतक्या जवळून आईबरोबर त्या शेवटच्या कधी चालल्या होत्या, ते त्यांना आठवेना.

उंबऱ्यापाशी आई थांबली, श्वास घेतला आणि आपणहून उजवा पाय पलीकडे टाकला. ताईंचा हात सैल झाला, पुन्हा बसला. अंगणातली फरशी उन्हाने तापायला लागली होती. फाटकापर्यंत अजून दहा-बारा पावलं असतील. चार पावलं गेल्यावर ताईंच्या लक्षात आलं की आईच्या पलीकडे कुणीच नाही. पट्ट्यावर हात होता तो एकट्या त्यांचा.

त्यांनी मान वळवली.

“मागे बघू नकोस, ठमे,” आई म्हणाली. “माझा तोल जातो.”

ताईंनी समोर बघितलं आणि पुढचं पाऊल आईच्या पावलाबरोबर टाकलं.