सोप्या वाटेवरचा ढिला बाण

मी पाटी बोलतेय. हो, तीच. तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर, फाट्याला उभी असते ती, बाणाच्या आकाराची. माझ्या अंगावर लिहिलंय, 'तळ्याकडे. सोपी वाट. मुलाबाळांसह यावे.' माझ्या खांबाला टेकून तुम्ही बुटातला खडा काढला असेल, पण माझ्याकडे नीट बघितलं नसेल.

मला एका सुतारानं घडवलं. टोक काढताना तो रंगाऱ्याला म्हणाला, "बाण असा पाहिजे की बघणाऱ्याला शंका येता कामा नये." रंगाऱ्यानं ठळक पांढरी अक्षरं काढली. मग वनखात्याच्या माणसांनी मला दोन बोल्ट घालून खांबाला आवळलं. तेव्हा मला कुणाच्या बापाला हलवता आलं नसतं.

पुढे एक बोल्ट गंजून पडला, दुसरा ढिला झाला. आता बोट लावलं तरी मी फिरते. हे काही गुपित नाही. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "ही ढिली झालीय, कुणीतरी आवळायला हवी," आणि पुढे चालू लागतो. हा 'कुणीतरी' राहतो कुठे, मला त्याला एकदा भेटायचंय! एवढ्या गाड्या येतात, डिकीत पान्हे असतात, पण हात एकाचाही चालत नाही. वनरक्षक म्हणतो, "वरून माणूस येईल." मी वर बघते. वर खारी आहेत.

एका सकाळी एक कुटुंब आलं. मुलगा, सून, सुनेच्या खांद्यावर छोटी नात, आणि आजोबा. आजोबा हळू चालत होते, आणि मुलगा त्यांचा दंड धरू बघत होता.

"सोड रे. मी काय काचेचा आहे?"

"बाबा, परवा तुम्ही शेजाऱ्यांच्या दारात किल्ली फिरवत होता."

"सगळे मजले सारखे बांधलेत, त्याला मी काय करू? त्या बाईंनी चहा दिला, तुझ्या बायकोपेक्षा बरा होता."

"ऐकलं मी!" सून हसत म्हणाली.

मुलगा हसला नाही. मग आजोबाच म्हणाले, "हे बघ, तुम्ही पुढे व्हा. मी माझ्या चालीनं तळ्यावर येतो. आलो, तर वाचनालयात, बाजारात एकटा जाईन, तू मध्ये बोलायचं नाहीस. नाही आलो, तर तुझं खरं."

मुलानं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी सरळ होते. "ठीक आहे. पाटी आहेच. बाण बघून या."

ते पुढे गेले. आजोबा खाली वळणाआडच्या दगडावर बसून दम खात होते, तिथून मी दिसत नाही. तेवढ्यात तरुणांचं एक टोळकं मागून आलं. त्यांना फोटो हवा होता. एकानं आपली जड पिशवी माझ्या टोकाला अडकवली. मी कुरकुरले, कलले आणि फिरले. फोटो निघाला, पिशवी निघाली, हसत मंडळी तळ्याकडे गेली. माझं टोक मात्र डावीकडे राहिलं. तिकडे पूर्वी लाकूड ओढून नेण्याची वाट होती. आता ती झुडपांतून घळीत उतरते.

आजोबा आले. थांबले. मला नीट वाचलं, अगदी ओठ हलवून. असं वाचणारा माणूस मला क्वचितच भेटतो. "हं, इकडे," स्वतःशीच म्हणाले आणि डावीकडे वळले.

नका जाऊ! मी आतून ओरडत होते. पण फळीला कुठलं तोंड? वारासुद्धा त्या दिवशी माझ्या मदतीला आला नाही. त्यांच्या काठीचा आवाज कमी कमी होत गेला.

थोड्या वेळानं कुत्र्याला फिरवणाऱ्या एक बाई आल्या. "काय ही माणसं! चुकेल की कुणीतरी," असं पुटपुटत त्यांनी मला दोन्ही हातांनी सरळ केलं, हात झटकले आणि समाधानानं निघून गेल्या. इतक्या दिवसांत एकच माणूस भला निघाला, तोही नेमका त्या वेळी.

मुलगा धापा टाकत तळ्यावरून परत आला. हाका मारल्या, वनरक्षकाला बोलावलं. दुपार उलटल्यावर आजोबा घळीत सापडले. घोटा सुजलेला, बाह्यांना काटे.

माझ्यापाशी येताच ते म्हणाले, "ही बघ. हिनंच दाखवलं."

सगळ्यांनी वर पाहिलं. माझा बाण तळ्याकडे होता. अगदी सरळ.

"बाबा..." मुलगा एवढंच म्हणाला. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो हळुवारपणे म्हणाला.

"अरे, मी वाचलं. बाण डावीकडे होता."

"हो बाबा. असेल."

ते 'असेल' ऐकून आजोबांचा चेहरा कसा झाला, ते मी पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पुन्हा बघितलं आणि हात उचलला. बोट माझ्या टोकापासून जेमतेम वीतभर दूर होतं. लावा, आजोबा, लावा! मी फिरेन, सगळ्यांसमोर फिरेन!

मुलानं तोच हात हातात घेतला. "चला, घरी जाऊ."

आजोबांनी तो सोडवून घेतला नाही. "मग माझंच चुकलं असेल," ते म्हणाले.

परवा ती मंडळी पुन्हा आली होती. आजोबा गाडीतच बसून राहिले. सून त्यांना म्हणाली, "काच खाली करू का?" ते म्हणाले, "तुम्ही सांगाल तसं."

मी अजून ढिलीच आहे. तुम्ही कधीतरी इकडे याल. जमलं तर पान्हा घेऊन या. तेवढं नाही जमलं, तरी वाट चुकलेल्या माणसाला 'असेल' म्हणण्याआधी मला एकदा बोट लावून बघा.