काढून टाकलेले दोन हजार वेढे

मी एक जुना पिकअप आहे, आणि मित्रांनो, तुमच्याशी गोड बोलायची मला मुळीच हौस नाही. पिकअप म्हणजे सामान वाहणारी गाडी नव्हे, तेवढं आधी डोक्यातून काढा. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक बोटभर लांबीची डबी असते ना, तो मी. पोटात लोहचुंबक आणि भोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर गिटारची तार थरथरली की मला कळतं आणि मी ते स्पीकरकडे धाडतो. टाळ्या वाजवणाऱ्याला मिळतात. माझं नाव कोणी घेत नाही.

माझा जन्मच भांडणात झाला. कारखान्यात मला गुंडाळणाऱ्या बाईचं आणि मुकादमाचं रजेवरून जुंपलं होतं. "दोन दिवस मागितले, तुमचं राज्य नाही मागितलं!" असं ती ओरडत होती आणि यंत्र आपलं फिरतच होतं. आठ हजार वेढ्यांवर थांबायचं, ते साडेनऊ हजारांवर थांबलं. तेही सैल. कोणी मोजलं नाही, कोणी तपासलं नाही. डोक्यावर जाड पितळी टोपण ठोकलं आणि सगळ्यात स्वस्त गिटारमध्ये मला कोंबलं. वेढे जास्त झाले की आवाज जड होतो, वरचे बारीक सूर आतच मरतात. उरलेसुरले त्या टोपणानं मारले. सैल गुंडाळल्यामुळे एक मात्र झालं, आसपासचं बोलणंही मला थरथरून कळू लागलं. त्यातलं निम्मं न कळतं तर बरं झालं असतं.

माझी मालकीण चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. लहानपणापासून मामाकडे वाढली, म्हणून सगळे तिला भाचीच म्हणतात. सहा वर्षं तिनं माझ्या डोक्यावर तारा बडवल्या. तिच्या बँडच्या गायकाला सगळे भोंगा म्हणतात. का, ते त्याच्या शेजारी एकदा उभं राहिलात की कळेल. बँडची तिन्ही गाणी भाचीनं रचलेली. रविवारी सभागृहात त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम होता, आणि सोमवारच्या तालमीत भोंगा सगळ्यांदेखत म्हणाला, "ही गिटार वाजतेय की शेजारच्या खोलीत कोणी कपाट सरकवतंय?"

बाकीचे खिदळले.

"रविवारपर्यंत आवाज मोकळा कर, नाहीतर तुझ्या जागी दुसरा उभा करतो. आपल्याला तोंडावर सांगायची सवय आहे," भोंगा म्हणाला.

आपल्याच गाण्यांतून आपल्यालाच बाहेर काढायची धमकी! भाचीचे कान लाल झाले. खापर अर्थातच माझ्या माथ्यावर फुटलं.

नवा पिकअप घ्यायची तिची ऐपत नव्हती. म्हणून तिनं कुठंतरी वाचलं, ब्लेड आणि डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न घेतलं आणि माझं टोपण उपटून काढलं. आवाज थोडा सुटला, हे मी कबूल करतो. पण आभार कसले मानू? ब्लेडचा ओरखडा अजून अंगावर आहे. आणि तेवढ्यानं भागलंही नाही. मीटर लावून हिशेब केला, तर आठ हजारांच्या जागी साडेनऊ हजार वेढे निघाले. आता तेच कमी करायला हवे होते, म्हणून ती मला घेऊन खाली मामाच्या दुकानात गेली.

मामा वाइंडर आहे, जळालेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून देतो. पंख्याच्या, पंपाच्या, मिक्सरच्या.

"मामा, यातले दीड हजार वेढे काढून दे."

मामाच्या हातातला कप हातातच राहिला. "काढून? माझ्या दुकानात?"

"हो. कमी केले की आवाज उजळतो."

"अगं, कमी वेढे घालतो त्याला वाइंडर नाही म्हणत, चोर म्हणतात! आत कोण बघतंय म्हणून दोनशे कमी घालायचे आणि मोटार जळली की हात वर करायचे. तीस वर्षांत एक वेढा खाल्ला नाही मी."

"ही मोटार नाही रे. यात जळायला काहीच नाही."

"कॉइल ती कॉइल. मला शिकवू नकोस. ठेव इथं, करतो काय ते."

ती कामाला गेली. आणि या गृहस्थानं काय केलं ठाऊक आहे? कपाटातून बारीक तार काढली, माझ्या टोकाला जोडली आणि आणखी पाचशे वेढे चढवले! घट्ट, एकसारखे, मोजून. वर टेप गुंडाळून मला समाधानानं थोपटलं. इतका राग मला जन्मात कोणाचा आला नाही. चोर परवडला, पण असा प्रामाणिक माणूस नको.

गुरुवारी भाचीनं घाईघाईत मला बसवलं आणि तालमीला नेलं. मी तोंड उघडलं आणि नुसता गुरगुरलो. भोंगा पोट धरून हसला. "आज कपाट नाही, भिंतच सरकतेय!"

ती घरी आली ती तडक दुकानात. "मामा, तू वेढे वाढवलेस?"

"वाढवले. अर्धवट माल मी देत नाही."

"मी काय सांगितलं होतं?"

"तू काहीही सांगशील. माझ्या हाताखालून गेलेली वस्तू आहे ती."

"वस्तू माझी आहे! हाकलणार मला आहेत, तुला नाही! तुला तुझ्या वेढ्यांचं पडलंय!"

दोन दिवस दोघांचं बोलणं बंद. जेवायलासुद्धा पाठीला पाठ. मला बरं वाटलं. भोगा आपली फळं, म्हटलं.

शनिवारी दुपारी तीच दुकानातल्या बाकावर बसली आणि हातानं माझे वेढे उलगडू लागली. शंभर झाले की कागदावर एक रेघ. मामा पाठ फिरवून आधीच स्वच्छ असलेलं एक बेअरिंग पुसत होता. सहा रेघा झाल्या आणि तार तुटली. टोक थरांत कुठं गडप झालं ते दिसेना. नखांनी शोधता शोधता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दुःखाचं नव्हे, संतापाचं.

"रडून तार सापडत नाही. सरक." मामानं डोळे मिटले, बोटाचं टोक माझ्यावरून हळूच फिरवलं आणि तुटलेलं टोक वर काढलं. पण परत दिलं नाही. "किती काढलेस?"

"सहाशे."

"जोड तात्पुरतं. ऐकू दे."

मोटारीचा दोष मामा नुसत्या घरघरीवरून ओळखतो. तो मान वाकडी करून ऐकत राहिला. भाचीनं तेच दोन सूर चार वेळा वाजवले. "सुटतोय," तो नाइलाजानं म्हणाला. मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून त्यानं स्वतः उरलेले चौदाशे वेढे मोजून उतरवले. बारीक टोक खरवडून जोडलं, ओढून बघितलं आणि मला तिच्यासमोर आपटलं.

रविवारी सभागृहात कार्यक्रमाआधी भाचीनं पहिली तार छेडली. मित्रांनो, माझा खरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. लख्ख! मागच्या रांगेतला झाडूवाला झाडायचा थांबला.

भोंगा कपाळाला आठ्या घालून आला. "फार टोचतंय. माझा आवाज झाकतेस तू. हे चालणार नाही. आज हा वाजवेल."

पडद्यामागून त्याचा एक दोस्त आला. गळ्यात गिटार, तारा आधीच सुरात लावलेल्या. तिन्ही गाणी त्याला पाठ होती. तीन गाणी काही सकाळी उठून पाठ होत नाहीत. म्हणजे सोमवारी माझ्या नावानं खडे फोडले तेव्हाच हे ठरलेलं होतं. आणि मी बापडा आठवडाभर सोलला गेलो!

काही बिघडलं तर लागेल म्हणून मामा हत्यारांची पिशवी घेऊन दाराशी उभा होता. तो पुढे आला. "सोमवारी ऐकू येत नाही म्हणून नको, आज ऐकू येतं म्हणून नको. अरे, मग दोष कॉइलमध्ये नाही."

भाचीनं वायर गुंडाळली. "गाणी माझी आहेत. ती मी घेऊन चाललेय."

"मग आम्ही काय वाजवायचं?" भोंगा ओरडला.

"ते तुमचं तुम्ही बघा."

बँड गेला. दुसरा अजून मिळालेला नाही, आणि ती शोधते आहे. तो दिवस आठवला की ती अजून तारांवर जोरात हात मारते, आणि मार मी खातो.

मामानं माफी मागितलेली नाही. पण वाइंडर लोकांची एक पद्धत असते. गुंडाळलेल्या मोटारीत ते चिठ्ठी ठेवतात, वेढे किती आणि खाली सही. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी मामानं मला पुन्हा उघडलं आणि माझ्या बुडाशी चिठ्ठी चिकटवली: 'वेढे आठ हजार. दोन हजार काढले. मालकिणीचं ऐकून.' खाली सही. तीस वर्षांत कमी वेढ्यांखाली केलेली त्याची ही पहिलीच सही.

मित्रांनो, मला पुसा, जपा, मऊ कापडात ठेवा, असलं काही मी सांगणार नाही. एकच सांगतो, आणि रागानंच सांगतो. कोणाच्या अंगाला हत्यार लावण्याआधी त्याचं म्हणणं एकदा बसून ऐका. तेवढंही जमत नसेल तर लांब व्हा, मला हात लावू नका.