आतल्या खोलीची हवा

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बशी आहे. चहा ओतून पिण्याची नव्हे. मी तळहातावर मावते, माझा तळ अगदी सपाट आहे, आणि माझ्यावर माझ्याच घडणीचे एक काचेचे झाकण बसते. प्रयोगशाळेत मला 'पेट्री डिश' म्हणतात. हवेत जे तरंगत असते पण डोळ्यांना दिसत नाही, ते झेलायचे आणि वाढवून दाखवायचे, हे माझे काम. काम चांगले असले तरी त्यात आनंद थोडाच. चांगल्या बातमीसाठी माझे झाकण सहसा कोणी उघडत नाही.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका काचेच्या कारखान्यात झाला. भट्टीत वाळू वितळली, साच्यात ओतली गेली, आणि मग मला हळूहळू थंड होऊ दिले. घाई केली असती तर मी तिथेच तडकले असते. तिथून गवतात गुंडाळून मला औरंगाबादला आणले. एका प्रयोगशाळेत विश्वंभर नावाचे सर शिकवत. ते मला धुऊन घेत, वाफेने निर्जंतुक करून घेत आणि बटाट्याच्या पाण्यात साखर व समुद्रशेवाळाची पूड शिजवून केलेली जेली माझ्यात ओतत. हवेतून पडलेल्या बुरशीला ती जेली म्हणजे मेजवानीच. सर मला उजेडासमोर धरून विद्यार्थ्यांना म्हणत, "बशी स्वच्छ असली तरच ती खरे बोलेल." ते ऐकून माझी मान ताठ होई. अर्थात मला मान असती तर!

सन १९७५ ची दिवाळी नुकतीच झाली होती. सरांची एक जुनी विद्यार्थिनी प्रयोगशाळेत आली. तिचे नाव डॉक्टर कालिंदी. कुरुंदा नावाच्या गावातल्या दवाखान्यात तिची नेमणूक होती. तिचा चेहरा ओढलेला दिसत होता.

"सर, एक पेशंट आहे," ती म्हणाली. "तरुण मुलगी. ताप, कोरडा खोकला, धाप. घरच्यांनी क्षय धरलाय. थुंकी मी दोनदा तपासली, क्षयाचे जंतू नाहीत. ती माहेरी गेली की बरी होते आणि सासरी आली की पुन्हा आजारी पडते. लोक म्हणतात, नांदायचं नाही म्हणून सोंग करते."

"आणि ती काय म्हणते?" सरांनी विचारले.

"ती म्हणते, बाई, त्या घराची हवाच मला बाधते."

सरांनी मला आणि माझ्या एका बहिणीला उचलले, ताजी जेली ओतली, झाकणे चिकटपट्टीने बंद केली आणि आम्हाला स्टीलच्या डब्यात ठेवले. "एक ध्यानात ठेव," ते म्हणाले. "ही बशी रोग सांगत नाही. हवेत काय आहे एवढेच सांगते. पुढचे तुला माणसाकडे बघूनच ठरवावे लागेल."

अशी मी एस.टी.तून, डॉक्टरीणबाईंच्या मांडीवर बसून कुरुंद्याला आले.

त्या मुलीचे नाव पंचफुला. तिचे माहेर वारंगा फाट्याजवळ होते. सासरच्या घरात सासरा जळबा, सासू रुक्माबाई, नवरा नरसिंग आणि नुकती पावले टाकू लागलेली एक लहान मुलगी, एवढी माणसे. घर माळवदाचे होते, म्हणजे लाकडी तुळयांवर माती घातलेले सपाट छत. पुढे अंगण, मग वसरी म्हणजे उघडी पडवी, मग एक खोली आणि तिच्या आत आणखी एक खोली. त्या आतल्या खोलीला खिडकी नव्हती, आणि तिथेच छतापर्यंत ज्वारीचा कडबा रचलेला होता.

मित्रांनो, कोणी घरात कडबा रचतो का, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले होते. पण त्यामागे एक दुःख होते. बहात्तरच्या दुष्काळात जळबाचा एक बैल चाऱ्यावाचून मेला होता. जळबाने त्याला लहानपणापासून वाढवले होते. शेवटच्या दिवसांत तो बैल रिकामी गव्हाण चाटत असे. ते पाहिल्यापासून जळबाचा उघड्या आभाळावरचा विश्वासच उडाला. पुढे पीकपाणी झाले तरी कडब्याची गंजी त्याने बाहेर रचली नाही. आदल्या सुगीत ज्वारी काढताना पाऊस आला, कडबा भिजला, तरी तो नीट वाळू न देता त्याने तसाच आत भरला. वरून माळवदही गळत होते.

रोज सकाळी त्या खोलीतून पेंढ्या काढून बैलांना घालायचे काम पंचफुलाचे होते. ती आत जाई, पेंढी ओढी आणि खोकत बाहेर येई. संध्याकाळी तिला थंडी वाजून ताप भरे. मग तिचे ताट वेगळे झाले. तिचे अंथरूण माणसांपासून दूर, त्याच आतल्या खोलीच्या दाराशी गेले. तिची लेक तिच्याकडे झेपावली की रुक्माबाई तिला उचलून बाहेर नेई. पोर रडे आणि आई भिंतीकडे तोंड करून बसे. या सगळ्यात भर म्हणून रुक्माबाईचा भाऊ कोंडीबा नरसिंगसाठी दुसरी मुलगी पाहून आला होता.

डॉक्टरीणबाई मला घेऊन त्या घरी गेल्या तेव्हा रुक्माबाईने "जयभीम बाई, या" म्हणून पाणी दिले. पण तिची नजर डब्यावर होती.

"हे काय आणलं?"

"हवा तपासायला आणलंय. एक बशी आतल्या खोलीत ठेवायची, दुसरी अंगणात. पण रोजच्यासारखी एक पेंढी ओढायची. पंचफुलानं मात्र आत जायचं नाही."

जळबा हसला. त्या हसण्यात राग होता. "हवा कोणी तपासती का बाई? हवा ती हवा. ठिवा, मी ओढतो पेंढी."

माझे झाकण निघाले. खोलीत कुबट, दमट वास कोंडला होता. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्या कागदावरही काळसर ठिपके पडले होते. जळबाने खालची पेंढी हिसका देऊन ओढली आणि तिच्यातून पांढरी धूळ धुरासारखी उठली. दारातून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात ती बराच वेळ फिरत राहिली आणि मग हलकेच माझ्यावर उतरू लागली. जळबाला ठसका लागला, तो त्याने दाबला. काही वेळाने माझे झाकण पुन्हा बसले.

पुढचे काही दिवस मी दवाखान्याच्या कपाटात होते. त्या दिवसांची आठवण मला आजही नको वाटते. आधी माझ्या जेलीवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उठले. मग त्यांना केस फुटले. हिरवे, काळे, राखाडी पुंजके एकमेकांवर चढत गेले, आणि अखेर जेलीचा एवढासाही तुकडा मोकळा राहिला नाही. अंगणात ठेवलेल्या माझ्या बहिणीवर मात्र तुरळक ठिपके होते. ती शेजारी जवळजवळ स्वच्छ, आणि मी अशी. मला माझीच किळस आली.

डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींना त्या घरी नेले आणि झाकण न उघडता अंगणातल्या बाजेवर ठेवले. कोंडीबाही त्या दिवशी आलेला होता. सगळे वाकून पाहू लागले.

"ही अंगणातली हवा आणि ही आतल्या खोलीतली," त्या म्हणाल्या. "पंचफुला रोज ही हवा छातीत घेते. माझा अंदाज आहे की आजार यातूनच आहे. क्षय नाही, सोंगही नाही. तो कडबा बाहेर काढा, म्हणजे खरं काय ते कळेल."

"शिळ्या भाकरीवर बी बुरशी येती," जळबा म्हणाला. "म्हणून काय समदा कडबा फेकावा का?"

तेव्हा आतापर्यंत खाली मान घालून बसलेली पंचफुला बोलली. सासऱ्याला ती मामा म्हणत असे. "मामा, बैल बी तो कडबा खात न्हाईत. हुंगतेत अन् तोंड फिरवतेत. मी रोज पाहून राहिले. ज्याच्यासाठी ठेवला त्यालाच तो नको हाय."

"भूक लागली म्हंजे खातील!" जळबा ओरडला. "तू पाहिला न्हाई दुष्काळ. मी पाहिला. माह्या डोळ्यांदेखत मेलं माहं जनावर. पुढच्या साली पाऊस न्हाई पडला तर ही बशी चारू का बैलाला?"

कोंडीबा घसा साफ करून म्हणाला, "मी तर म्हणतो, पोरीला माहेरी धाडा अन्..."

"मामा, बस करा," नरसिंग कोंडीबाला म्हणाला. त्या घरात त्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "दुसरी आणली तरी तिला बी त्याच खोलीत धाडाल ना? मंग तिला बी हेच व्हईल. मंग काय, तिसरी आणता?"

कोंडीबा उठून गेला. शेवटी जळबा म्हणाला, "पोरगी उद्यापासून आत जाणार न्हाई. तिचं अंथरूण वसरीवर घाला. पेंढ्या मी काढीन. पण कडबा घराबाहेर जाणार न्हाई."

"काका, मग हेच तुम्हाला होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मला काय होतं? मी बहात्तर काढलं."

मित्रांनो, मला तेव्हा बोलता आले असते तर मी ओरडले असते. पण मी नुसती दाखवू शकते. पटवणे माझ्या हाती नसते.

पंचफुला वसरीवर मोकळ्या हवेत झोपू लागली. तिचा ताप उतरला. खोकला कमी होत गेला आणि एक दिवस ती लेकीला काखेत घेऊन दवाखान्यात आली. पोर आईच्या गळ्याला असे बिलगले होते, जणू पुन्हा कोणी ओढून नेईल. डॉक्टरीणबाईंनी त्यांना पाहिले आणि चष्मा पुसण्याचे निमित्त करून पाठ फिरवली.

"घरी कसं आहे?" त्यांनी विचारले.

पंचफुलाचा चेहरा उतरला. "मामा खोकून राहिले बाई. काहून खोकता म्हणलं तर म्हणतेत, तंबाखूचा ठसका हाय."

बाई दोनदा त्या घरी गेल्या. दोन्ही वेळा जळबा शेतात गेला असल्याचे सांगण्यात आले. थंडी सरता सरता नरसिंगने त्याला बैलगाडीत घालून आणले. गाडीतून दवाखान्याच्या बाकापर्यंत यायलाही त्याला मुलाचा आधार लागला. ओठ निळसर पडले होते. तो बसल्या बसल्या खांदे वर ओढून श्वास घेत होता. उपचार झाले, जरा आराम पडला, तेव्हा त्याने मान वळवली.

"बाई, ती बशी... हाय का अजून?"

लोकांना समजावून सांगायला बाईंनी मला तशीच झाकून ठेवले होते. त्यांनी मला त्याच्या हातात दिले. त्याने मला उजेडासमोर धरले.

"हे सगळं माह्या छातीत हाय का?"

"बुरशी अशी छातीत उगवलेली नाही, काका. पण तिच्या धुळीनं छाती आतून दुखावली आहे."

त्याने डोळे मिटले. "मला वाटलं, घरात भरून ठिवलं म्हंजे समदे जगतील." मग नरसिंगला म्हणाला, "काढ बाबा तो कडबा. समदा काढ."

बाईंनी सांगितल्याप्रमाणे नरसिंगने तोंडाला ओले फडके बांधले, धूळ उडू नये म्हणून कडब्यावर पाणी शिंपडले आणि तो खड्ड्यात नेऊन पुरला. जळबा अंगणात बाजेवर पडून प्रत्येक भारा जाताना पाहत होता. रुक्माबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मग मला उकळून, घासून स्वच्छ करण्यात आले. औरंगाबादहून ताजी जेली आली आणि मी पुन्हा त्या घरात गेले. त्या दिवशी नरसिंग आणि पंचफुला आतल्या खोलीची भिंत फोडून खिडकी काढत होते. पहिला दगड निघाला आणि बोटभर उजेड आत आला. नरसिंगने पुरेशी झाली म्हणून पहार खाली ठेवली, तेव्हा बाहेरून जळबाचा तुटक आवाज आला, "थांबू नको. अजून... मोठी कर."

या वेळी माझ्यावर मोजकेच ठिपके उगवले. खोलीची हवा सुधारली होती. जळबाची छाती मात्र पहिल्यासारखी झाली नाही. तो जगला, पण शेताच्या वाटेला पुन्हा लागला नाही. चार शब्द बोलला की त्याला थांबावे लागे. पंचफुलाच त्याला उशी देऊन बसवी आणि गरम पाणी देई. एकदा तो तिला म्हणाला, "तुही तकलीफ मला... माह्यावर आल्यावर कळली, पोरी." तिने उशी सारखी केली.

पुढे मी कितीतरी घरे पाहिली. धुराने काळवंडलेली स्वयंपाकघरे, ओलीने पोपडे सुटलेल्या खोल्या, बंद दारांआड खोकणारी म्हातारी माणसे. काही घरांनी माझे ऐकले. काहींनी मला दाराबाहेरूनच परत पाठवले. मग एकदाच वापरून फेकण्याच्या प्लॅस्टिकच्या बश्या आल्या आणि मला कोणी विचारीना. माझे झाकण फुटले. आता एका कपाटात माझ्यात खिळे आणि स्क्रू ठेवलेले असतात. त्याचे मला फार वाईट वाटत नाही. वाईट वाटते ते जळबाचे, कारण मी वेळेवर सांगितले होते आणि तरीही उशीर झाला.

म्हणून मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. भिंतीला ओल आली तर वरून चुना फासून ती लपवू नका. भिजलेले धान्य, चारा, कपडे घरात कोंडू नका. आणि तुमच्या घरात कोणी खोकत असेल, तर त्या माणसाला दूर लोटण्याआधी कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्या.