चौथ्या मोज्यातली वाइन

देलिओ गेल्यावर दोन महिन्यांनी माझा दीर फियोरेंझो मला म्हणाला, "वहिनी, दादाचं ते वाइनचं पिंप आंबलं गं. गटारात ओतलं सगळं." त्या दिवशी मी जेवढी रडले, तेवढी नवऱ्याला माती देतानाही रडले नव्हते.

त्या पिंपासाठी देलिओ सगळ्या घराशी भांडला होता. खालच्या उतारावरची नेब्बियोलो आणि कडेच्या दोन ओळी बार्बेराच्या, दोन्ही द्राक्षं त्याने एकाच दिवशी तोडून एकत्र घातली. वर नेहमीचं ओकचं पिंप सोडून ती वाइन चेरीच्या लाकडात ठेवली. फियोरेंझो चारचौघांत हसला होता, "सरबत करतोयस का रे?" पुढच्या जानेवारीत वेली छाटता छाटता देलिओ तिथेच कोसळला.

याला तीन वर्षं झाली. नोव्हेंबरात, सान मार्तिनोच्या सणानंतरच्या रविवारी आमच्याकडे दुपारचं जेवण सासूबाईंच्या घरी असतं. ज्याने त्याने लाल वाइनची एक बाटली आणायची. सासूबाई, म्हणजे एर्मेलिंदा, बाटल्यांवर लोकरीचे मोजे चढवतात आणि नंबर लावतात. कुठली कुणाची ते चवीवर ओळखायचं. जो सगळ्यात जास्त चुकेल त्याने भांडी घासायची. ओतायचं काम प्रीमोचं. तो गावातला औषधवाला, देलिओचा जिवलग मित्र.

यंदा पहिली बाटली सलामीबरोबर, म्हणजे खारवलेल्या मांसाच्या चकत्यांबरोबर झाली. दुसरी आणि तिसरी आन्योलोत्तीबरोबर, सारण भरलेल्या पास्त्याबरोबर. मग रोजमेरी घालून शिजवलेला ससा आला, आणि प्रीमोने चौथा मोजा उचलला.

मी एक घोट घेतला आणि काटा खाली ठेवला. आंबट चेरी, आणि मागून अक्रोडाच्या सालीचा कडवटपणा. सशाचा घास खाऊन पुन्हा प्यायले. तो कडवटपणा मांसावर अलगद बसला, देलिओ म्हणायचा तसाच.

"ही देलिओची आहे," मी म्हणाले.

फियोरेंझो हसला. "वहिनी, तुला काय, हरेक ग्लासात दादाच दिसतो."

"मोजा काढ, प्रीमो."

प्रीमोने काढला. कोरं, चकचकीत लेबल. त्यावर सोनेरी अक्षरांत फियोरेंझोचं नाव.

"माझी नवी वाइन आहे," तो म्हणाला. "सगळ्यांना चकित करायचं होतं. केलंस ना वाटोळं!"

माझी लेक नोएमी, एकोणीस वर्षांची, तिने ग्लास हुंगला आणि माझा हात घट्ट धरला. मी काय पुरावा देणार होते? जिभेवर कोण विश्वास ठेवतो, त्यातून विधवेच्या?

तेवढ्यात प्रीमो घसा खाकरून म्हणाला, "जायच्या आधीच्या नाताळात देलिओने त्या पिंपातून एक बाटली भरून दिली होती मला. उघडायचा धीर झाला नाही कधी. आणतो."

चौक ओलांडून तो पाच मिनिटांत परत आला. फियोरेंझोचं हसू तोवर मावळलं होतं. "पोरखेळ आहे हा," तो पुटपुटला.

"मम्माला पाठ करून बसू दे," मी म्हणाले. सासूबाई शहाऐंशीच्या, पण अख्ख्या टेकडीवर त्यांच्यासारखं नाक कुणाचं नाही. प्रीमोने पाच ग्लास भरले. त्यातल्या एकात चौथ्या मोज्यातली वाइन, एकात त्याच्या बाटलीतली. सासूबाई वळल्या, एकेक ग्लास हुंगला, दोन उचलून शेजारी शेजारी ठेवले.

"हा कच्चा आहे, हा पिकलेला. पण एकाच पिंपातले."

तेच दोन ग्लास होते, प्रीमोने मान डोलावली. अंगावर निखारा पडावा तशी मी पेटले.

"गटारात ओतलीस ना रे? गटारात?"

"मग काय टाकून द्यायची होती?" फियोरेंझो उसळला. "मी सांभाळली, मी बाटल्यांत भरली. मेलेल्या माणसाच्या नावावर कोण घेतं वाइन?"

"मला खोटं का सांगितलंस?"

"तू मागितली असतीस म्हणून."

इतकं सरळ बोलला तो.

सासूबाई रुमालाने तोंड पुसत म्हणाल्या, "झालं आता, ओर्नेल्ला. बस. ससा गार होतोय."

मी त्यांच्याकडे बघितलं. "मम्मा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"तळघर माझ्या स्वयंपाकघराखाली आहे," त्या म्हणाल्या. "मला एकच मुलगा उरलाय."

"आणि मी रडत होते तेव्हा? माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतात तुम्ही!"

त्यांनी सशाचं ताट माझ्याकडे सरकवलं.

मी उठले. खुंटीवरची तळघराची किल्ली काढली आणि खाली गेले. नोएमी मागोमाग आली, मग प्रीमोही. त्या सोनेरी लेबलाची सगळी खोकी आम्ही भर दुपारी प्रीमोच्या गाडीत चढवली. फियोरेंझो दारात आडवा उभा राहिला.

"लोक बघताहेत, वहिनी."

"बघू देत. कुणाची वाइन आहे ते ओरडून सांगू?"

तो बाजूला झाला.

आठवडाभर न्हाणीघराच्या टबात बाटल्या भिजत होत्या. सोनेरी अक्षरं मी सुरीने खरवडली, बोटांची कातडी सोलवटेपर्यंत. नोएमीने साध्या कागदावर शाईने बापाचं नाव लिहून एकेक चिकटवलं.

पुढच्या रविवारी सासूबाईंचा फोन आला. "तुझं पान वाढलंय. ये."

"दोन्ही ग्लास एकाच पिंपातले, हे तुम्ही खरं सांगितलंत, म्हणून फोन उचलला," मी म्हणाले. "बाकी तीन वर्षांचं बोला."

"तुझं पान वाढलंय," त्या पुन्हा म्हणाल्या. माझा राग काही उतरेना. शेवटी त्यांनीच फोन ठेवला. नोएमी अजून जाते तिकडे जेवायला, तिची आजी आहे ती. मी जात नाही.