विसावी पाठ

पट्टीचं टोक नखाने उचलून तिने ती अण्णांच्या पाठीवरून हळूहळू सोलली. खालची कातडी लालभडक झाली होती. मधोमध बारीक फोड, त्यांत पाणी.

"निघाली का ठिगळं?" अण्णांनी मान न वळवता विचारलं. "दोन दिवस पाठ टेकता आली नाही, चिमे."

चिमी त्रेचाळीस वर्षांची होती आणि वनस्पतिशास्त्राच्या संस्थेत गाजरगवतावर संशोधन करत होती. शेवंती-सूर्यफुलाच्याच कुळातलं हे तण, पण त्याच्या स्पर्शाने शेतमजुरांची कातडी फुटते. वीस मजुरांच्या पाठीवर तिने त्याच्या अर्काची पट्टी दोन दिवस लावून पाहिली होती. तुलनेसाठी तणाशी संबंध न आलेली वीस माणसं हवी होती. एकोणीस मिळाली; त्यांच्या पाठीवर काहीच उठलं नाही. विसावे म्हणून तिने वडिलांना बसवलं. ते रोज तिची वाळवलेली रोपं हाताळत, पण वाळल्यावर तण निरुपद्रवी होतं, हे तिने गृहीतच धरलं होतं.

आई गेली त्याच वर्षी अण्णा छापखान्यातून निवृत्त झाले. चाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस रिकाम्या घरात कॅलेंडरातल्या चुका काढत बसला. तेव्हा तिनेच गाजरगवताच्या आणि त्याच्या कुळातल्या रोपांचे गठ्ठे घरी आणायला सुरुवात केली. मागच्या खोलीत अण्णा रोज सकाळी दाबून वाळत ठेवलेल्या रोपांखालचे ओलसर झालेले कागद बदलत, वाळलेली रोपं जाड कागदावर चिकटवत, खाली वळणदार अक्षरात नावं लिहीत. नऊ वर्षं. गेल्या तीन वर्षांत त्यांच्या पापण्या सुजल्या, मानेची कातडी जाड होऊन भेगाळली. डॉक्टर म्हणाले, वय झालं, उन्हात फिरू नका. तिनेही मान डोलावली होती.

ती पुढे येऊन त्यांच्यासमोर बसली.

"अण्णा, तुमच्या पापण्या, मान, हे सगळं त्या रोपांमुळे झालंय."

"काखेत कळसा अन् गावाला वळसा," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मागच्या वर्षी तुझा अहवाल तपासायला दिला होतास. त्यात मजुरांची लक्षणं होती: आधी पापण्या, मग मान, मग कोपराची वळी. वाचून झालं अन् आरशासमोर जाऊन उभा राहिलो."

"मग बोलला का नाहीत?"

अण्णा सदऱ्याची बटणं लावत होते. एक चुकलं. सगळी काढून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून लावली.

"तू खोली बंद केली असतीस."

तिने ती बंद केलीच. आठवड्याभरात संस्थेची गाडी येऊन सगळे कागद घेऊन गेली. खोली धुतली, भिंतींना रंग दिला. त्रास कमी होईल पण जाणार नाही, यापुढे शेवंतीचं फूलसुद्धा जवळ नको, असं डॉक्टरांनी सांगितलं. अण्णा दिवसभर खिडकीपाशी बसू लागले. जेवलात का, असं विचारलं तर त्यांना आठवावं लागे.

"वडिलांना वगळा," संस्थेचे प्रमुख तिला म्हणाले. "एकोणीस आकडाही चालतो. घरची धुणी चव्हाट्यावर कशाला धुता?"

तिने वगळलं नाही. निबंधात तिने लिहिलं: 'क्रमांक वीस. पुरुष, वय बहात्तर. संपर्क: मुलीने घरी आणलेली वाळकी रोपं, नऊ वर्षं.' मुद्रित आलं तेव्हा तिने ते अण्णांच्या मांडीवर ठेवलं. त्यांना देण्यासारखं दुसरं काम तिच्यापाशी उरलं नव्हतं.

सुजलेल्या पापण्यांवर चष्मा सावरत त्यांनी ते दिवसभर वाचलं. संध्याकाळी परत दिलं. दोन स्वल्पविराम, एक ऱ्हस्व-दीर्घ. आणि वीस क्रमांकाच्या नोंदीत 'मुलीने घरी आणलेली' खोडून समासात लिहिलं होतं: 'हौसेने हाताळलेली'.

मग तिने पेन उघडलं, त्यांची दुरुस्ती खोडली आणि शेजारी लिहायला घेतलं: 'मूळ मजकूर तसाच ठेवावा.'

अण्णा बघत होते.

"अक्षर नीट काढ," ते म्हणाले. "छापखान्यातल्या माणसाला वाचता आलं पाहिजे."