शिडाचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, सिनेमाचा. पण जन्मलो तो शीड म्हणून. पनवेलच्या खाडीत कमळाकर कोळ्याची होडी मी वाऱ्यावर चालवत असे. पुढे अठ्ठ्याऐंशी साली होडीला इंजिन बसलं आणि मला गुंडाळून माळ्यावर टाकलं.

त्याच वर्षी शिमग्याला कोळीवाड्यात सिनेमा दाखवायचं ठरलं. मशीनवाल्याचं भाडं देण्यातच सगळी वर्गणी संपली. मग पडदा कुठून आणायचा? कमळाकरची बायको गुणाबाई म्हणाली, "एवढा मोठा कपडा उंदरांना निजायला ठेवलाव काय? काढा खाली."

तिने मला सोड्याच्या पाण्यात धुतलं. विरलेल्या जागी पांढरी ठिगळं लावली. तांदळाच्या खळीत खडूची पूड कालवून माझ्यावर दोनदा हात फिरवला. वाळल्यावर मला मीच ओळखू येईना.

कमळाकरने दोन उभे बांबू रोवले, वर एक आडवा बांधला आणि मला टांगलं. पण हाताला सवय होडीची. त्याने वरची कड घट्ट ओढली, खालचं एक टोक दोराला बांधलं आणि दुसरं मोकळं सोडलं.

अंधार पडला, सिनेमा सुरू झाला आणि खाडीवरून वारा आला. किती दिवसांनी भेटला होता! मी फुगलो. माझ्याबरोबर हिरोईनचे गालही फुगले.

"हिला गालगुंड झाला रं!" मंडळाचा तुळशीराम ओरडला.

लोक हसत होते तोवर बांबू वाकला आणि मी पुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर जाऊन पडलो. माझ्याखालून गुणाबाई पदर सावरत बाहेर आली.

"अवो, सगल्या बायांना शिडाखाली घेऊन कुठं निंगालाव? मुंबईला?"

कमळाकर खजील झाला. "हाताला वारा धरायची सवय हाय गो."

"आता धरू नका. जाऊ द्या त्याला."

दुसऱ्या दिवशी तिने मला जागोजागी अर्धगोल कापलं. आधी भीती वाटली. पण तिने प्रत्येक कापाला मागून एक झडप शिवली. वारा आला की झडप उघडायची, गेला की मिटायची. खालच्या कडेत तिने जुन्या जाळ्याची शिशाची वजनं ओवली. त्या संध्याकाळी सिनेमा पुन्हा लावला आणि तो शेवटपर्यंत चालला. पुढे माझं नाव झालं. जासई गावच्या एका लग्नालासुद्धा मला मागून नेलं.

चार वर्षांनी, पावसाळ्यात, गुणाबाई तापाने गेली.

कमळाकरने तिची लुगडी नात्यात देऊन टाकली. भांडीही दिली. मला मात्र त्याने पुन्हा माळ्यावर ठेवलं. शिमग्याला लोक मागायला आले, तर तो एवढंच म्हणाला, "नाय." लोकांनी कुणाच्या तरी घरी व्हिडिओ लावला. मूठभर माणसं आत बसली, बाकीची खिडकीला लटकली.

पुढच्या शिमग्याला तुळशीराम म्हणाला, "मंडळ नवा पडदा आणतंय. तुजा शीड होडी झाकायला दे."

 कमळाकरची मुलगी रमा माहेरी आली होती. तिने मला खाली काढलं आणि उलगडलं. माझ्या अंगाला बुरशीचा वास येत होता. एक झडप उंदराने पार खाल्ली होती.

"बाबा, बघा," रमा म्हणाली. "आयेनं उंदरांसाठी शिवला व्हता काय ह्यो?"

कमळाकरने त्या भोकावरून हात फिरवला. मग जाळी विणायची सुई घेऊन बसला. त्याला कापड शिवता येत नव्हतं. त्याने भोकावर जाळ्याच्या गाठी घातल्या, अगदी जवळजवळ. मग उठून तुळशीरामला सांगून आला, "नवा नको. ह्योच लावू."

सिनेमाच्या संध्याकाळी वारा जरा जास्तच होता. कमळाकर मला खाली घ्यायच्या तयारीत दोर धरून उभा होता. इतके दिवस मिटून पडलेल्या झडपा उघडतील का, हे मलाही ठाऊक नव्हतं. वारा आला. एक झडप वाजली, मग दुसरी, मग सगळ्या. उंदराने खाल्लेल्या जागी तो गाठींमधून निसटून गेला. मी जागेवर राहिलो.

कमळाकरने दोर हातातून सोडला आणि पुढे, गुणाबाई बसायची तिथे, जाऊन बसला.

मित्रांनो, आपल्या माणसाच्या हातची वस्तू जरूर जपा. पण तिला कोंडून ठेवू नका. तिला वारा लागू द्या, तिच्याकडून काम घ्या, फाटली तर येईल तशी शिवा.

माझ्यावरच्या त्या गाठी नेमक्या हिरोच्या गालावर येतात. "हिरोला देवी आल्यात!" दरवर्षी कुणीतरी ओरडतंच. आणि त्यावर सगळ्यात आधी कमळाकर हसतो.